धावपट्टीवरची गाय आणि आधीची दहा मिनिटं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान विमानाची आणि गाईची नाहीतर म्हशीची धडक झाली की बातमी आतल्या पानावर चौकटीत येते, आणि बहुतेक वेळा गंमत म्हणूनच येते. मथळ्यात एखादी कोटी, खाली चार ओळी, पायलट किरकोळ जखमी, जनावर जागीच ठार, चौकशी सुरू. मग दोन दिवस मीम फिरतात, कुणी गुराख्याला शिव्या घालतं, कुणी पायलटला, आणि विषय संपतो. मी काही वर्षं अशा छोट्या धावपट्टीवर ग्राउंडची कामं केलीत, म्हणजे पट्टी बघून येणं, वाऱ्याची दिशा कळवणं, इंधन भरणं, आणि खरं सांगायचं तर निम्मा वेळ गुरं हाकणं, त्यामुळे मला त्या चौकटीचं हसू येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त माणसाबद्दल लिहिलंय तो भाग ठेवा.

आधी वजनाचं बोलू, कारण लोकांच्या डोळ्यासमोर विमान म्हटलं की एअरपोर्टवरचं अवाढव्य जेट येतं. सेसना १७२ घ्या, जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान, ४० हजारांच्या वर बनलीत. चार सीटचं. माणसं, इंधन, सामान सगळं धरून त्याचं जास्तीत जास्त वजन ११०० किलोच्या आसपास, मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे, आणि रिकामं असलं तर साडेसातशेच्या घरात. धट्टीकट्टी गाय चारशे-पाचशे किलोची असते, म्हैस त्याहून भारी. म्हणजे समोर जे उभं आहे ते तुमच्या निम्म्या वजनाचं आहे. पत्रा म्हणाल तर अॅल्युमिनियमचा, बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, कारण जाड केला तर उडणार कसं. गाडीला पुढे बंपर असतो, चेपायला बॉनेट असतं, एअरबॅग असते. या विमानाच्या नाकावर काय असतं, तर फिरता पंखा, आणि खाली एक बारीकसं चाक.

तो पंखा, म्हणजे प्रोपेलर, साधारण १.९ मीटर व्यासाचा, आणि फुल पॉवरला मिनिटाला २७०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४५. हिशोब केलात तर पात्याचं टोक ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या वर फिरत असतं. जनावराचं काय होतं ते लिहीत नाही, लोक नाश्ता करताना पेपर वाचतात. पण इंजिनाचं काय होतं ते सांगतो, कारण ते कुणी छापत नाही. पातं अचानक अडलं की तो झटका क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या आतल्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, जातो, आणि अशी प्रोपेलरला धडक झाली की इंजिन उघडून आतून तपासावं लागतं, बाहेरून कितीही ठीकठाक दिसत असलं तरी. जुन्या विमानाच्या बाबतीत हा खर्च विमानाच्या किमतीच्या जवळपास जातो. म्हणजे ‘पायलट किरकोळ जखमी’ या तीन शब्दांमागे अनेकदा एक विमान कायमचं भंगारात गेलेलं असतं, आणि ते एखाद्या छोट्या क्लबचं किंवा फवारणीवाल्याचं एकमेव विमान असतं.

वरच्या पंखाचं विमान (पंख केबिनच्या छतावर) आणि खालच्या पंखाचं विमान (पंख केबिनच्या तळाशी) यातही फरक आहे. खालच्या पंखाच्या विमानात पंखाची कड बरोबर जनावराच्या पायांच्या, पोटाच्या उंचीला येते, आणि इंधनाची टाकी त्याच पंखात असते. एक पंख अडला की विमान त्या बाजूला गर्रकन फिरतं, मग चाकं मोडतात, इंधन सांडतं, आणि गरम इंजिन तिथंच असतं. वरच्या पंखाच्या विमानात पंख वाचतो, पण पुढचं चाक मोडतं आणि विमान नाकावर जातं, कधी पाठीवर. शेपटीकडे चाक असलेल्या जुन्या विमानांची तर वेगळीच गंमत, जमिनीवर नाक एवढं वर असतं की पायलटला सरळ समोरचं दिसतच नाही, बाजूने वाकून बघावं लागतं, समोर गाय आहे का देव आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आता वेग. उतरताना हे विमान ताशी ११०-१२० किलोमीटरने येतं, सेकंदाला तीसेक मीटर. तीनशे मीटरवर जनावर दिसलं तर हातात दहा सेकंद. त्यातले एक-दोन सेकंद ‘हे खरंच जनावर आहे का सावली’ यात जातात. उरलेल्या वेळात पायलटपुढे तीन वाटा, आणि तिन्ही वाईट. चाकं टेकली नसतील तर पॉवर देऊन परत वर जायचं, हीच त्यातल्या त्यात चांगली, पण त्या क्षणी फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, पूर्ण उघडे असतात, वेग कमी असतो, विमान वर चढायला कुरकुर करतं, म्हणून फ्लॅप लगेच थोडे आत घ्यावे लागतात पण एकदम सगळे घेतले तर विमान खाली बसतं. चाकं टेकून वेग कमी झाला असेल तर घाबरून नाक वर खेचायचा मोह होतो, गाईच्या वरून उडी मारू असं वाटतं, आणि वेग पुरेसा नसताना असं खेचलं की विमान दहा-वीस फूट वर जातं, तिथे त्याचा जोर संपतो आणि ते पडतं. गाय वाचते, माणूस जातो. तिसरी वाट म्हणजे ब्रेक मारत राहायचं आणि जेवढा वेग कमी करता येईल तेवढा करून धडकायचं. ऐकायला भयंकर आहे, पण वेग निम्मा झाला की धडकेचा जोर चौथ्या हिश्शावर येतो, हे साधं गणित आहे, आणि जमलं तर नाकाऐवजी पंखावर घ्यायचं. हे शिकवताना कुणालाच आवडत नाही, पण शिकवायला पाहिजे.

त्यात पट्टी गवताची असली तर ब्रेकचं काय विचारता. सेसनाच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की कोरड्या गवतावर उतरलात तर चाकं टेकल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर ४५ टक्के वाढवून धरा. हे कोरड्या गवताचं. ओल्या गवतावर चाक नुसतं सरकतं, आणि ओल्या गवतावर ओलं शेण असलं तर त्याबद्दल मॅन्युअलमध्ये काही नाही, ते आम्हाला विचारा.

मोठ्या विमानांनाही हे चुकलेलं नाही. २००५ च्या जुलैत नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टला एक एअरबस ए३३० उतरताना गाईंच्या कळपात घुसली, गाई मेल्या, माणसं वाचली. २०१४ च्या नोव्हेंबरात सुरतला दिल्लीकडे निघालेलं बोइंग ७३७ टेकऑफच्या धावेतच म्हशीला धडकलं, इंजिनाला मार बसला, टेकऑफ सोडून द्यावा लागला, प्रवासी सुखरूप. पुढच्या वर्षी डिसेंबरात जबलपूरला रात्री उतरणारं प्रवासी विमान रानडुकरांना धडकलं, एका बाजूचं मुख्य चाक मोडलं आणि ते धावपट्टीवरून बाहेर गेलं. ही मोठ्या वजनाची विमानं, दोन-दोन इंजिनांची, म्हणून लोक वाचले. आणि ही कंट्रोल टॉवर असलेली, पहारा असलेली विमानतळं. आता विचार करा, जिथे टॉवर नाही, पहारेकरी नाही, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा एका खांबावर फडफडतोय आणि एका टोकाला पत्र्याची शेड आहे, तिथे काय अवस्था असेल. जगातल्या बहुतेक खेड्यातल्या पट्ट्या अशाच असतात.

मग लोक म्हणतात, जनावरं तिथे जातातच कशाला. जनावराच्या बाजूने बघा की जरा! धावपट्टीचं गवत नियमित कापलेलं, म्हणजे कायम कोवळं फुटवं. आजूबाजूचं रान वाळलं तरी पट्टीच्या कडेच्या चरात ओल असते. मोकळी जागा, वारा लागतो, माश्या कमी त्रास देतात, लांबून कोण येतंय ते दिसतं. आणि पट्टी डांबरी असली तर दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असतं, थंडीत गुरं त्यावर येऊन निवांत रवंथ करत बसतात. काळी म्हैस काळ्या डांबरावर रात्री बसलेली असली की लँडिंग लाइटमध्ये आधी फक्त दोन डोळे चमकतात, आणि ती दुसरीकडे तोंड करून बसली असेल तर तेही नाही.

याहून मोठं कारण मात्र कुणी बघतच नाही, ते म्हणजे पाण्याची वाट. पट्टी करताना सपाट जागा बघतात, सपाट जागा म्हणजे बहुतेक वेळा चराऊ रान, आणि त्या रानातून गुरांची पाण्यावर जायची पिढ्यान् पिढ्यांची वाट असते. नकाशावर ती नसते. पट्टी तिच्यावर आडवी पडते. मग सकाळ-संध्याकाळ गुरं पट्टी ओलांडणार, कारण पाणी पलीकडे आहे, आणि विमानंही नेमकी सकाळ-संध्याकाळच जास्त उडतात कारण दुपारी हवा तापून वर-खाली होते. हा योगायोग नाही, हे आधी ठरलेलं भांडण आहे.

जनावरांच्या स्वभावाबद्दलही पायलट लोकांना फार कमी सांगितलं जातं. गाईचे डोळे बाजूला असतात, तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त बरोबर मागचं दिसत नाही, म्हणून मागून येणाऱ्या विमानाच्या आवाजाने ती आधी वळते, मग थांबते, मग बुजते. एकटी गाय थबकून उभी राहते. कळप असला तर एक उधळली की बाकीच्या तिच्या मागे. मेंढरांचं तर पहिलं जिकडे गेलं तिकडे सगळी, आणि पहिलं जर धावपट्टी आडवं पळालं तर पंचवीस-तीस मेंढरं ओळीने विमानापुढून जाणार, मधे फट सापडत नाही. घोडं लांबूनच उधळतं. गाढव हलतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे गाय एका बाजूला आणि वासरू दुसऱ्या बाजूला. पट्टीवर काही नाही, मोकळी दिसते, पायलट खूश, आणि आवाज झाला की वासरू आईकडे धावतं किंवा आई वासराकडे, म्हणजे पट्टी ओलांडून. मी नवीन पोरांना हेच सांगायचो, पट्टीवरच्या गाईपेक्षा पट्टीच्या दोन्ही कडांना वेगवेगळी उभी असलेली गाय-वासरं जास्त बघा.

पायलट वरून एक फेरी मारतात, पट्टीवरून अगदी कमी उंचीने जातात, आवाजाने गुरं पळतात, मग गोल फिरून उतरायला येतात. चांगली पद्धत आहे, केलीच पाहिजे. पण त्या गोल फिरण्याला पाच-सहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात गुरं परत येतात, कारण त्यांचं गवत अर्धं खायचं राहिलंय. आणि रोज विमान बघणारी गुरं तर मानही वर करत नाहीत. आमच्याकडे एक म्हातारी गाय होती तिला इंजिनाच्या आवाजाचं इतकं काही वाटत नसे की ती विमानाच्या सावलीत जाऊन बसायची. उभ्या विमानांचाही त्रास वेगळाच, गुरं अंग घासतात, रंग चाटतात, जुन्या कापडी पंखाच्या विमानांचं कापड चघळतात, म्हणून कुरणावर मुक्काम करणारे पायलट विमानाभोवती विजेच्या झटक्याची तार लावून झोपतात. हे जगभर चालतं, यात लाजण्यासारखं काही नाही.

आता कुंपणाकडे येतो, कारण प्रत्येक अपघातानंतर पहिली मागणी तीच असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये स्पष्ट आहे की विमानाला धोका होईल एवढं मोठं जनावर आत येऊ नये म्हणून विमानतळाला कुंपण किंवा तसा अडसर पाहिजे. अमेरिकेत हरणांचा त्रास एवढा की तिथल्या विमान प्रशासनाने हरणांसाठी १० ते १२ फूट उंच जाळी, वर काटेरी तारेच्या तीन ओळी, अशी शिफारस केली, आणि हरणं खालून घुसू नयेत म्हणून जाळीचा काही भाग जमिनीत पुरायलाही सांगितलं. गुरांना एवढं लागत नाही, चार-पाच तारांचं छातीएवढं कुंपण पुरतं. पण किलोमीटरभर पट्टी असली तर चहूबाजूंनी दोन-सव्वादोन किलोमीटर कुंपण होतं, आणि ते बांधण्याचा खर्च एकदाच असला तरी सांभाळण्याचा रोजचा आहे. पावसात खांब कलतो, वेल चढते, डुक्कर खालून उकरतं, कुणीतरी तार नेतं. आणि पाण्याची वाट अडवली असेल तर तार कापली जाणारच, महिन्याभरात जाणार, कापणाऱ्याला मी दोषही देत नाही. त्यापेक्षा पट्टीच्या टोकापासून लांब, विमानांच्या वाटेच्या बाहेर, गुरांना जायला नीट रस्ता सोडा, गाड्यांच्या गेटला जमिनीत लोखंडी नळ्या बसवा ज्यांवरून गुरं जात नाहीत, मग तार कुणी कापणार नाही. आणि कुणी उत्साहाने टोकाला पक्की भिंत बांधू नका. न थांबलेलं विमान तारेतून गेलं तर ओरखडे येतील, भिंतीत गेलं तर माणसं जातील.

तरीही मला विचाराल तर कुंपण दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर माणूस. विमान उतरायच्या किंवा उडायच्या आधी दहा मिनिटं पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक माणूस गेला पाहिजे, सायकलवर जाऊ दे, मोटरसायकलवर जाऊ दे, आणि विमान सुरक्षित होईपर्यंत तो तिथेच थांबला पाहिजे. बघून परत चहाला गेला तर उपयोग नाही. २०२० च्या नोव्हेंबरात अलास्कातल्या याकुतातला एक ७३७ उतरल्यावर अस्वलीला धडकलं, आणि तिथे धावपट्टी साधारण दहा मिनिटं आधीच बघून मोकळी केलेली होती. म्हणजे दहा मिनिटांपूर्वीची ‘ओके’ ही शिळी ओके असते. माणूस जागेवर आणि पायलटच्या कानाशी पाहिजे, रेडिओ नसेल तर हातात झेंडा, नाहीतर ठरलेली खूण, पट्टीच्या कडेला आडवी गाडी म्हणजे उतरू नको, एवढं साधं.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. ऑस्ट्रेलियात रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस १९२८ पासून ओसाड भागात विमानाने डॉक्टर नेते, पहिलं उड्डाण क्लोनकरीहून झालं. त्यांच्या विमानांना अनेकदा गुरांच्या फार्मवरच्या मातीच्या पट्टीवर उतरावं लागतं. तिथली पद्धत काय, तर विमान येण्याआधी फार्मवालाच आपली गाडी पट्टीवर वर-खाली फिरवतो, गुरं आणि कांगारू हाकलतो, रात्र असेल तर कडेला दिवे लावतो. दिवे नसतील तर डब्यात टॉयलेट रोल ठेवून डिझेलमध्ये भिजवून पेटवतात, हेही खरं आहे. पेशंट त्याच फार्मवरचा असतो म्हणून कुणाला सांगावं लागत नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे. आफ्रिकेतल्या सफारीच्या पट्ट्यांवर कॅम्पची जीप आधी जाऊन झेब्रे-विल्डबीस्ट हाकते. नेपाळच्या डोंगरातल्या पट्ट्यांवर विमान यायच्या आधी भोंगा वाजवतात, लोक आणि जनावरं बाजूला व्हायला. त्यातल्याच लुकला गावची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर आणि तीही चढाची, शेवटच्या क्षणी परत वर जायची सोय नाही, समोर डोंगर. तिथे भोंग्यानंतर पट्टीवर जनावर असणं परवडतच नाही, म्हणून तिथला माणूस पट्टी सोडत नाही.

न्यूझीलंडमध्ये तर डोंगरावरच्या शेतांत खत टाकणाऱ्या विमानांसाठी पट्ट्या केल्यात आणि त्यावर मेंढरं मुद्दाम चरायला सोडतात, गवत कापायचा खर्च वाचतो, आणि विमान यायच्या दिवशी मालकच मेंढरं बाहेर काढतो. म्हणजे गुरं आणि विमान एका जागी नांदू शकतात. फक्त कुठली वेळ कुणाची हे ठरलेलं पाहिजे, आणि ते ठरवताना गुरांचा मालक खोलीत पाहिजे.

आता तो मघाचा मुद्दा. फार्मवाला स्वतः पट्टी मोकळी करतो कारण विमान त्याचं आहे, म्हणजे त्याच्यासाठी आलंय. बाकी ठिकाणी विमान कुणाचं तर लांबच्या कुणाचं, आणि गुरं गावातल्या कुणाची. विमानातून ना गुराख्याला काही मिळतं ना त्याच्या गावाला, उलट चराऊ रान गेलं. मग धडक झाली की काय होतं बघा. गुराखी पळून जातो. त्याची गाय मेलेली असते, ती दुभती असेल तर घरचं दूध गेलं, आणि वर त्यालाच दंड होईल, कोंडवाडा होईल, विमानाचे पैसे मागतील या भीतीने तो गाय माझी नाहीच असं सांगतो. पायलट आपल्या लायसन्सच्या भीतीने म्हणतो जनावर अचानक आलं. पट्टी चालवणारा म्हणतो आम्ही सकाळी बघितलं होतं. तिघंही अर्धवट खरं बोलतात. आणि मूळ कारण, की त्या वेळी पट्टीवर कुणीच नव्हतं, ते कागदावर येतच नाही.

गुराख्याला गुन्हेगाराच्या जागी बघण्याऐवजी पहारेकऱ्याच्या जागी बघा असं माझं म्हणणं आहे. त्याला दिवसभर तिथेच उभं राहायचं असतं. कुठलं जनावर खोडकर, कुठल्याला गळ्यात लोढणं बांधायला पाहिजे, कुठली कालवड तारेतून घुसते, कुठे तार तुटलीय, हे सगळं त्याला माहीत असतं. त्याला महिन्याला थोडे पैसे द्या, एक शिट्टी आणि भडक रंगाचं जाकीट द्या, विमानाची वेळ फोनवर कळवा. कुंपणाच्या खर्चाच्या मानाने हे काहीच नाही. आणि एक गोष्ट आधी लिहून द्या, की गुरं पट्टीवर आहेत असं ज्याने स्वतःहून फोन करून कळवलं त्याला कुठलाही दंड होणार नाही, आणि पट्टीच्या चुकीने जनावर मेलं तर त्याची भरपाई मिळेल. हे नसेल तर फोन येणार नाही, तुम्ही कितीही बोर्ड लावा.

काही लोक म्हणतील, आता ड्रोन आहे, कॅमेरे आहेत, उष्णता ओळखणारे कॅमेरे रात्रीसुद्धा गुरं दाखवतात. असतील ना, जिथे वीज आणि नेट कायम आहे आणि स्क्रीनकडे बघायला माणूस आहे तिथे जरूर लावा. पण स्क्रीनवर गाय दिसली तरी तिला हाकायला शेवटी कुणीतरी चालत जावंच लागतं. ड्रोनने गुरं हाकायचे प्रयोग मी पाहिलेत, मेंढरं पळतात, पण कुठल्या दिशेला पळतील ते ड्रोनवाल्याच्या हातात नसतं, आणि विमान येताना त्याच हवेत ड्रोन म्हणजे आणखी एक जनावर.

फ्लाइंग स्कूलवाल्यांनाही एक सांगायचंय. पोरांना इंजिन बंद पडलं तर काय, हे पन्नास वेळा शिकवता. उतरताना समोर गाय आली तर काय, हे किती वेळा? बऱ्याच ठिकाणी एकदाही नाही, ‘अचानक आडवं येणारं’ या एका ओळीत आटपतात. निदान एवढं करा की कमी उंचीवरून परत वर जायचा सराव पूर्ण फ्लॅप उघडे ठेवून, हळू वेगाला, खऱ्या दमट-गरम हवेत करून घ्या, आणि ‘या पुढे वर जायचं नाही, आता फक्त ब्रेक’ ही जागा प्रत्येक पट्टीवर आधी ठरवून उतरायला शिकवा. झाड, शेड, खांब, काहीतरी खूण धरा. खूण गेली की विषय संपला, मग गाईवरून उडी मारायचा मोह नको. आणि पट्टी नवीन असली तर आधी फोन करा, विचारा की तिथे गुरं कोणत्या वेळेला असतात. पायलट इंधनाचं विचारतात, वाऱ्याचं विचारतात, गुरांचं विचारायला त्यांना कमीपणा वाटतो.

नोंदींचीही बोंब आहे. अमेरिकेत पक्षी आणि प्राण्यांच्या धडकांची नोंद १९९० पासून एका जागी ठेवतात, त्यातूनच हरणांचा प्रश्न किती मोठा आहे हे कळलं, पक्ष्याच्या धडकेत बहुतेक वेळा विमानाला काही होत नाही पण हरणाच्या धडकेत बहुतेक वेळा होतं, हे आकड्यांवरून दिसलं म्हणून उंच जाळीसाठी पैसे निघाले. छोट्या पट्टीवर गाय थोडक्यात हुकली तर ते कुठे लिहितात? शेडमध्ये बसून हसतात आणि विसरतात. एक साधी वही ठेवा, तारीख, वेळ, कुठल्या टोकाला, किती जनावरं, कुणाची. वर्षभराने ती वही उघडली की कुठली वाट, कुठली वेळ, कुठला महिना हे डोळ्यासमोर येतं, आणि मग दोन किलोमीटर कुंपणाऐवजी कदाचित शंभर मीटरमध्येच काम भागतं. शेणाचीही नोंद ठेवा, हसू नका, शेण कुठे पडलंय त्यावरून रात्री गुरं कुठे बसतात ते कळतं, शिवाय शेणावर किडे येतात, किड्यांवर पक्षी, आणि मग पक्ष्यांच्या धडकेचं नवीन प्रकरण सुरू होतं.

तुमच्या वार्ताहरांना विनंती आहे की पुढची अशी बातमी करताना फक्त पायलटला आणि अधिकाऱ्याला फोन करू नका, ज्याचं जनावर गेलं त्याच्याकडेही जा, आणि पट्टी बघायची जबाबदारी त्या दिवशी नावानिशी कुणावर होती ते विचारा. उत्तर आलं नाही तर ‘उत्तर आलं नाही’ असंच छापा. आणि जाता जाता गेटवरचा बोर्ड वाचा. ‘प्रवेश बंद, गुन्हा दाखल होईल’ हे मोठ्या अक्षरात सापडेल. गुरं आत दिसली तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, ते सापडलं तर मला कळवा.

आपला,
एक जुना ग्राउंडवाला